वाचकांचे प्रश्न : बांधकाम परवानगी मिळाली, पुढे काय?

प्रश्न : नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा प्लॉट आहे. महापालिकेची बांधकाम परवानगी गेल्या आठवड्यात हातात आली. ठेकेदार म्हणतो, पावसाआधी खड्डे उरकून घेऊ. जमीन काळी आहे. लगेच सुरुवात करावी का? – एक वाचक

उत्तर : जेसीबी बोलावण्याआधी परवानगीपत्रातल्या अटी आर्किटेक्टसोबत बसून एकेक वाचा. प्लॉटवर झाड असेल तर ते तोडायला वेगळी परवानगी लागते. मग मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा) घेऊन हद्दीच्या खुणा जागेवर पक्क्या करा. शेजाऱ्याचं कंपाउंड म्हणजेच हद्द असं धरून चालू नका.

खरी महागडी चूक होते ती लाइनआउटच्या, म्हणजे जागेवर घराची आखणी करण्याच्या दिवशी. नकाशातलं दीड मीटरचं सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) घराच्या बाहेरच्या अंगापर्यंत मोजायचं असतं. ठेकेदार मात्र दोरी धरतो कॉलमच्या मध्यावर. दोरी दीड मीटरवर बांधली आणि कॉलम 230 मिमीचा असला, तर त्याची बाहेरची बाजू 115 मिमी सामासिक जागेत जाते. वर गिलाव्याचे 15-20 मिमी वेगळेच. बांधकाम वर गेल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही, म्हणून त्या दिवशी आर्किटेक्ट जागेवर हवाच. काटकोन तपासायला कर्ण मोजा : 9 बाय 12 मीटरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण बरोबर 15 मीटर यायला हवेत.

आता काळी माती. ती पाण्याने फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावर टेकलेलं फुटिंग (कॉलमचा पाया) हलून भिंतींना तिरक्या भेगा पडतात. खोदाई नकाशात लिहिलेल्या खोलीवर थांबवू नका. पक्का मुरूम लागेपर्यंत जा आणि आरसीसी कन्सल्टंटने (पाया, कॉलम, स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने) खड्डा बघितल्याशिवाय पीसीसी, म्हणजे फुटिंगखालचा साध्या काँक्रीटचा थर, टाकू नका. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं तर नुसतं उपसून भागत नाही, तळाचा मऊ झालेला थरही काढावा लागतो. म्हणून पावसाच्या तोंडावर सगळे खड्डे एकदम उघडून ठेवू नका. जितक्या फुटिंगचं काँक्रीट लगेच होणार असेल तितकेच घ्या. सळई तळापासून उचललेली राहावी म्हणून फुटिंगच्या सळईखाली 50 मिमीचे कव्हर ब्लॉक ठेवायला सांगा, दगडाचे तुकडे चालणार नाहीत. जोत्यात भर घालताना खोदलेली काळी माती परत वापरू देऊ नका. मुरूम आणा, 15-15 सेंमीचे थर करा आणि पाणी मारून प्रत्येक थर धुम्मस करून (ठोकून दाबून) घ्या.

जोता झाला की थांबा. आर्किटेक्टमार्फत जोता तपासणीचा अर्ज द्या, ती झाल्यावरच वरचं काम घ्या. जोत्याच्या पातळीला चूक सापडली तर ती सुधारता येते. स्लॅब टाकल्यावर तीच चूक भोगवटा दाखल्याच्या (घर वापरायच्या परवानगीच्या) वेळी आडवी येते.

मुदतीचंही ध्यानात ठेवा. काम सुरू झालं नसेल तर वर्ष संपायच्या आत परवानगीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि नियमावलीत 'सुरू' म्हणजे जोत्यापर्यंत बांधकाम. नुसते खड्डे धरले जात नाहीत.

प्रश्न : घर लहान वाटतंय. आतला जिना बाहेर काढला तर खोली मोठी होईल. काम चालू असताना बदलता येईल का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : बाहेरचा जिना सामासिक जागेत येतो, त्यामुळे आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. शिवाय जिन्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेली मोकळी जागा भरायची तर तिथल्या बीम आणि सळयांचं डिझाइन नव्याने करावं लागेल. मिस्त्रीच्या अंदाजावर हे करू नका, आरसीसी कन्सल्टंटचं नवं ड्रॉइंग हातात आल्यावरच सेंटरिंग (काँक्रीटसाठीचा साचा) लावा.