सेलमध्ये हात आवर

अरे, नवा पीसी आला म्हणून स्टीमच्या (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) पहिल्याच सेलमध्ये वीस गेम उचलू नकोस. माझ्या लायब्ररीतले निम्मे अजून उघडलेलेसुद्धा नाहीत. आवडलेला गेम विशलिस्टमध्ये टाक, किंमत उतरली की मेल येतोच. घेतलास की त्याच संध्याकाळी चालवून बघ. 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात. (मेनू उघडा ठेवून चहा प्यायला गेलास तरी घड्याळ चालूच!) जुने गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात बघ, त्यांचा इन्स्टॉलर आपल्या डिस्कवर ठेवता येतो. एपिक नावाच्या आणखी एका दुकानातले फुकटचे गेम घेत जा. किकस्टार्टरवर (गेम बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करणारी साइट) पैसे टाकणं म्हणजे मात्र खरेदी नव्हे. मी एका गेमसाठी दोन हजार घातले, गेम नाहीच, अजून नुसते काम कुठवर आलं याचे अपडेटच येतायत.