फिजीचे राष्ट्रपती जोसेफा इलोईलो नुसते नामधारी होते, तर त्यांच्या राजकीय कारकिर्दीत सांगण्यासारखं काय आहे?

नामधारी माणसाची कसली आलीय कारकीर्द, हे आमच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न सोडून पुढे जाववेना.

२००९ च्या एप्रिलमध्ये मी फिजीच्या राजधानीत, सुवाला, एका कंपनीत हिशेब बघायचो. पगार फिजी डॉलरमध्ये, घराचे हप्ते पुण्यात. ९ तारखेला अपील कोर्टाने निकाल दिला की २००६ च्या लष्करी बंडानंतर आलेलं लष्करप्रमुख बैनिमारामांचं सरकार बेकायदा आहे. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. घरमालकीणबाईंच्या रेडिओवर ८८ वर्षांचे इलोईलो बोलले: राज्यघटना रद्द, सगळे न्यायाधीश बडतर्फ, राष्ट्रप्रमुख मीच. बाई एवढंच म्हणाल्या, "फिर कू होइ गइस," म्हणजे पुन्हा सत्तापालट झाला, आणि भात बघायला आत गेल्या. शनिवारी बैनिमारामांचा पुन्हा शपथविधी. रविवारच्या 'फिजी टाइम्स'मध्ये बातम्यांच्या जागी कोरे चौकोन, सरकारी निर्बंधांमुळे छापता आलं नाही एवढीच ओळ. त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेने फिजी डॉलरचं २० टक्के अवमूल्यन केलं. मी नेहमीएवढेच डॉलर बँकेत भरले आणि हप्त्याला कमी पडले. उरलेले साडूंकडून उसने घेतले, तेव्हा फोनवर हे गृहस्थ म्हणतात, "त्या म्हाताऱ्याच्या सहीला काय किंमत!"

किंमत होती म्हणून तर लष्कर ती सही घ्यायला जायचं. इलोईलो मूळचे शिक्षक, वुंदा भागाचे सरदार, मग सिनेटचे अध्यक्ष, १९९९ ला उपराष्ट्रपती. २००० साली जॉर्ज स्पाइट या बंडखोराने संसदेत घुसून पंतप्रधान महेंद्र चौधरींना ५६ दिवस ओलीस धरलं, त्या गोंधळात राष्ट्रपती कामिसेसे मारांना बाजूला सारलं गेलं आणि सरदारांच्या महापरिषदेने (तेव्हा राष्ट्रपती तीच नेमायची) इलोईलोंना बसवलं. २००६ च्या डिसेंबरात बैनिमारामांनी राष्ट्रपतीचे अधिकार स्वतःकडे घेतले, जानेवारीत परत दिले. का दिले? बंदुकीने आलेल्या सरकारला शपथ द्यायला सरदार घराण्यातला, कुणाशी न भांडणारा माणूस हवा होता. न भांडणं हीच इलोईलोंची कारकीर्द, आणि माझ्या मते देशाला ती फार महाग पडली. जुलै २००९ ला ते निवृत्त झाले, २०११ ला गेले.

हां, सगळं त्यांच्या माथी मारू नये. वय झालेलं, तब्येत बरी नसायची, बैनिमारामांपुढे त्यांचं कितपत चालत होतं हाही प्रश्नच. अवमूल्यनामागेही जगभरची मंदी होती, जानेवारीतला पूर होता, पर्यटक घटले होते. आणि २०१३ च्या घटनेपासून सगळंच बदललंय. राष्ट्रपती आता संसद निवडते. २०१५ ला कोनरोते तसेच आले, तेही मंत्रिपद सोडून. तेव्हा आजच्या फिजीबद्दल लिहिणार असाल तर इलोईलोंचा दाखला देऊ नका. पण कुणी म्हणालं की असा राष्ट्रपती म्हणजे इंग्लंडच्या राजासारखा, नुसता शोभेचा, तर त्याला १० एप्रिल २००९ ही तारीख सांगा. साडूंना मी दर दिवाळीत सांगतो. ते उसन्या पैशांचा विषय काढतात.