वॉचडॉग लावूनही बोर्ड हँग होतो, टाइमआउट किती ठेवू?

तुम्ही लिहिलंय की एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर इंडिपेंडंट वॉचडॉग (वेळेत रिफ्रेश मिळाला नाही तर चिप रिसेट करणारा टायमर) चालू केलाय, रिफ्रेश टायमर इंटरप्टमध्ये (मेन कोड मध्येच थांबवून ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या तुकड्यात) टाकलाय, तरी बोर्ड अडकतो. टाइमआउटचं नंतर बघू. आधी तो रिफ्रेश इंटरप्टमधून काढा. आजच.

तासगावकडे एका द्राक्षबागेत आमचा पंप कंट्रोलर होता. एसएमएस केला की मोटर चालू, एसएमएस केला की बंद. त्या आठवड्यात रात्रपाळीची लाइट होती. मोटर लागली आणि कोड एसएमएस घेणाऱ्या जीएसएम मोड्यूलच्या उत्तराची वाट बघत व्हाइल लूपमध्ये अडकला. (तो लूप मीच लिहिलेला, हेही सांगून टाकतो.) इंटरप्ट मात्र ठणठणीत! दर सेकंदाला वॉचडॉग रिफ्रेश, हिरवा एलईडीही तिथूनच. बंदचे तीन एसएमएस वाया गेले, विहीर तळाला गेली, मोटर कोरडी फिरून वाइंडिंग जळालं. सकाळी बागेतले मामा म्हणाले, "दिवा तर लुकलुकत हुता की ओ रातभर!"

"किक विसरायला नको, आयएसआरमध्येच टाक" हा आमच्या सीनियरचा सल्ला. (किक म्हणजे रिफ्रेश, आयएसआर म्हणजे इंटरप्टचा कोड.) मोटर जळाल्यावर म्हणाले, लाइटचा झटका बसला असणार.

मग मी प्रत्येक कामाला एक बिट (० किंवा १ ची खूण) दिला. काम झालं की बिट लावायचा. मेन लूपच्या शेवटी, एकाच जागी, सगळे बिट लागलेले असतील तरच रिफ्रेश, आणि लगेच बिट पुसायचे. हे बिट बॅकअप रजिस्टरमध्ये ठेवले, रिसेटने ते जात नाहीत. पहिल्या महिन्यात वॉचडॉगचे ९ रिसेट झाले आणि नऊही वेळा जीएसएमचाच बिट कोरा. झटका दर वेळी नेमका जीएसएमलाच कसा बसतो, सर?

हां, टाइमआउट. सगळ्यात रेंगाळणाऱ्या फेरीच्या दुप्पट तरी ठेवा. वॉचडॉगचा क्लॉक कागदावर ४० किलोहर्ट्झ, पण डेटाशीटच ३० ते ६० म्हणते. म्हणजे तुमचे १० सेकंद प्रत्यक्षात सुमारे ६.७ही असू शकतात. २६ च्या वर तसंही जाता येत नाही.

आणि हो, कंट्रोलर रिसेट झाला म्हणून जीएसएम मोड्यूल रिसेट होत नाही. त्याची सप्लाय तोडायला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो. मोटरच्या रिले ड्रायव्हरला पुल-डाउन (पिन शून्यावर धरणारा रेझिस्टर) नसेल तर तोही लावा, रिसेटमध्ये पिन तरंगते, म्हणजे ना धड चालू ना बंद.