पैशांचा आरोप कच्चा, रक्ताचा पक्का

फिलिपिन्सच्या ५ पेसोच्या नाण्यावर एमिलिओ अगिनाल्दो असायचा, २०१७ च्या नव्या नाण्यावर तिथे आंद्रेस बोनिफासिओ आला. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष अगिनाल्दो स्पेनकडून पैसे खाऊन फुटला होता का, असं तुम्ही विचारलंय.

पैशांचं आधी उरकतो, कारण तो आरोप टिकत नाही. स्पेनच्या राजवटीविरुद्धचा उठाव थांबवायला डिसेंबर १८९७ मध्ये बियाक-ना-बातोचा करार झाला: स्पेनने एकूण ८ लाख पेसो द्यायचे, अगिनाल्दोने साथीदारांसह देश सोडायचा. त्यातले ४ लाख हाँगकाँगला पोचले. त्याने ते बँकेत टाकले, मंडळी व्याजावर राहिली आणि मुद्दल पुढच्या लढाईच्या बंदुकांसाठी राखलं गेलं. वाटा मागत एका सहकाऱ्याने कोर्टात दावासुद्धा लावला होता! विकला गेलेला माणूस पाच महिन्यांत परत येऊन १२ जून १८९८ ला कावितच्या आपल्या घरून स्वातंत्र्य जाहीर करत नाही.

खरा डाग त्याआधीचा आहे. बोनिफासिओ हा कातिपुनान या गुप्त संघटनेचा संस्थापक, मनिलातल्या गोदामात काम करणारा. अगिनाल्दो खात्यापित्या घरातला, कावितचा नगरप्रमुख. १८९६ च्या उठावात मनिलाच्या बाजूला बोनिफासिओ हरत गेला आणि काविते प्रांतात अगिनाल्दो जिंकत गेला. २२ मार्च १८९७ ला तेहेरोसच्या सभेत अगिनाल्दो अध्यक्ष निवडला गेला, तेही आघाडीवर असताना, गैरहजेरीत. बोनिफासिओच्या वाट्याला अंतर्गत कारभाराचं पद आलं. त्यावरही, हा वकील नाही म्हणून एकाने हरकत घेतली. अपमानित बोनिफासिओने निवडणूकच रद्द ठरवली. पुढे अटक, राजद्रोहाचा खटला, मृत्युदंड. अगिनाल्दोने आधी शिक्षा हद्दपारीवर आणली, मग आपल्याच सेनानींच्या आग्रहापुढे ती सूट मागे घेतली. १० मे ला मारागोंदोनच्या डोंगरात संस्थापकाला गोळ्या घातल्या गेल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर फुटीच्या भीतीने घेतलेला निर्णय म्हणून मी सोडून दिलं असतं. पण ५ जून १८९९ ला, स्पेननंतर ताबा घेणाऱ्या अमेरिकेशी युद्ध ऐन भरात असताना, त्याचा सर्वांत शिस्तीचा सेनापती आंतोनिओ लुना याला काबानातुआनला बोलावणं गेलं आणि कावितच्याच सैनिकांनी त्याला तिथे भोसकून, गोळ्या घालून मारलं. अगिनाल्दो तिथे नव्हता. हुकूम त्याचा होता की नाही यावर आजही वाद आहे. मला जास्त बोलकं वाटतं ते हे की शिक्षा कुणालाच झाली नाही. त्याचा स्वतःचा पंतप्रधान आपोलिनारिओ माबिनी याने नंतर ग्वामच्या कैदेत लिहिताना दोन्ही हत्यांबद्दल त्याला धारेवर धरलं. परक्याने केलेली टीका नाही ही.

२३ मार्च १९०१ ला अमेरिकेचा सेनाधिकारी फन्स्टन याने अगिनाल्दोला पालाननमध्ये पकडलं, तेही कपटाने: अमेरिकेच्या बाजूच्या माकाबेबे सैनिकांना क्रांतिकारकांची कुमक म्हणून पुढे पाठवून. पुढच्याच महिन्यात त्याने अमेरिकेशी एकनिष्ठेची शपथ घेतली आणि लोकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. नाइलाज समजू शकतो. पुढे त्याने शेती केली, क्रांतीतल्या जुन्या सैनिकांची संघटना चालवली.

लोकांचा कौल १९३५ ला कळला. राष्ट्राध्यक्षपदासाठी तो उभा राहिला. समोर कोण, तर एकेकाळी त्याच्याच फौजेत मेजर असलेला मान्युएल केझोन. प्रचारात बोनिफासिओचं प्रकरण पुन्हा उकरलं गेलं आणि अगिनाल्दो सपाटून हरला. १९४२ मध्ये जपान्यांच्या बाजूने रेडिओवर बोलून त्याने अमेरिकी सेनापती मॅकआर्थरला शरणागतीचं आवाहन केलं, त्यापायी युद्धानंतर अटक झाली, मग माफी. १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष किरिनो यांनी त्याला राज्य परिषदेवर घेतलं. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन, अमेरिकेने स्वातंत्र्य दिलं त्या ४ जुलैवरून १२ जूनला आणला, तेव्हा ९३ वर्षांचा अगिनाल्दो सोहळ्याला हजर होता. ६ फेब्रुवारी १९६४ ला तो गेला.