पॅरिसच्या जुन्या बाजारातला 'नेपोलियनच्या घोडदळाचा' टोप घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सँतुआँच्या बाजारात एक दुकानदार पोलादी टोप 1800 युरोंना देतोय, वर पितळी शिखा आणि मागे घोड्याच्या केसांची काळी आयाळ आहे, नेपोलियनच्या घोडदळाचा आहे असं तो म्हणतो, आणि पुण्याला परतण्याआधी तुम्हाला ठरवायचंय. मी फ्रान्समध्येच राहतो आणि या टोपांच्या नादाला लागून बरीच वर्षं झालीत. त्यामुळे सरळ सांगतो, नेपोलियनचा तो नाही. पण म्हणून घेऊच नका, असंही नाही.

तुम्ही टाकलेल्या फोटोत टोपाच्या कपाळावर पितळी पट्टा आहे आणि त्यावर लॉरेलच्या डहाळ्यांमध्ये पेटता गोळा. ही फ्रेंच सैन्याच्या 1874 च्या नमुन्याची खूण. पहिल्या नेपोलियनच्या काळात क्युरासिए म्हणजे छातीवर पोलादी चिलखत घालणारे जड घोडेस्वार. त्यांच्या टोपाला या पट्ट्याच्या जागी काळं केसाळ कातडं असे. तसा अस्सल टोप बाहेर आलाच, तर भाव दहा हजार युरोंच्या पुढे जातो. दुकानदाराला तिसरा नेपोलियन म्हणायचा असेल, तर तोही 1870 मध्ये पदच्युत झाला. हा टोप त्यानंतरच्या प्रजासत्ताकाचा आहे. 'नेपोलियन' म्हटलं की पाकीट लवकर उघडतं, एवढाच त्या नावाचा उपयोग. (नोव्हेंबर 2023 मध्ये पहिल्या नेपोलियनची स्वतःची हॅट फोंतेनब्लोच्या लिलावात 19 लाख 32 हजार युरोंना गेली. हा मोह दुकानदारांना होणारच.)

मला स्वतःला 1874 चा टोपच जास्त आवडतो. शिखेच्या टोकाला मेड्युसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांच्या केसांच्या राक्षसीचं तोंड, मानेवरचा तलवारीचा वार अडावा म्हणून मागे लांब आयाळ, हनुवटीखाली पितळी खवल्यांचा पट्टा. हे सगळं घालून फ्रेंच घोडदळ 1914 च्या ऑगस्टमध्ये मशीनगनसमोर गेलं! चमकू नये म्हणून वर कापडी खोळ चढवली, बस्स. वर्षभरात खंदकांनी घोडदळाला पायउतार केलं आणि 1915 मध्ये साधं, ठोकळेबाज आद्रियाँ हेल्मेट आलं. 1914 मध्ये क्युरासिएंच्या 12 आणि ड्रॅगूनांच्या, म्हणजे चिलखत न घालणाऱ्या घोडेस्वारांच्या 32 रेजिमेंट होत्या आणि दोघांचा टोप जवळपास एकच. आज बाजारात हे टोप बऱ्यापैकी मिळतात ते त्यामुळेच.

आता खरी मेख. क्युरासिएचा टोप ड्रॅगूनपेक्षा महाग विकला जातो आणि दोघांत वरवर दिसणारा ठळक फरक म्हणजे शिखेच्या पुढच्या टोकावरचा लाल गोंडा. तो क्युरासिएला असतो, ड्रॅगूनला नसतो. गोंडा नंतर लावणं काही अवघड नाही. म्हणून गोंड्याकडे बघू नका, टोप उलटा करा. सैनिकाच्या टोपात आतून कारखान्याचं नाव, माप, कधी वर्ष, कधी रेजिमेंटचा आकडा ठोकलेला सापडतो. आलेक्सी गोदियो किंवा फ्राँक अशी नावं दिसली तर बरं वाटतं, कारण या कारखान्यांनी सैन्याला असे टोप पुरवलेत. अधिकारी आपला टोप स्वतःच्या पैशाने, शिंप्याकडून कपडे शिवून घ्यावेत तसा मापाने करवून घेत. त्यावर सरकारी शिक्के नसतील, पण मुलामा आणि घडण नाजूक हवी.

दुसरी तपासणी लोहचुंबकाची. टोपाच्या पोलादाला तो चिकटला पाहिजे आणि शिखेला अजिबात नको. शिखेलाही चिकटला तर ते पितळेचं पाणी चढवलेलं लोखंड आहे, दुकानाबाहेर पडा. आणि एक गंमत ऐका: अशा टोपांच्या ढीगभर नकला आपल्याकडे, भारतात बनतात आणि युरोप-अमेरिकेत शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात. पॅरिसहून हौसेने आणलेला टोप मुळात भारतातूनच तिकडे गेलेला निघाला, असं व्हायला नको.

तिसरी गोष्ट जोडतोडीची. एकाची शिखा, दुसऱ्याची आयाळ, तिसऱ्याचा हनुवटीपट्टा असे टोप फार. रिकामी जास्तीची भोकं, नवे चकचकीत रिव्हेट, शिखेवर शंभर वर्षांचा काळेपणा आणि पट्टा मात्र लख्ख, असं काही दिसलं की भाव पाडा. आतलं चामडं फाटलेलं, सुरकुतलेलं असलं तरी मूळचंच हवं. पट्ट्यावर पॅरिस शहराचं चिन्ह, म्हणजे जहाज दिसलं तर तो गार्द रेप्युब्लिकेनचा, म्हणजे फ्रान्सच्या मानवंदना देणाऱ्या पहारा दलाचा. त्यांचे घोडेस्वार समारंभात आजही आयाळीचा टोप घालतात, त्यामुळे तो कालपरवाचाही असू शकतो. आणि आयाळ नसलेला अख्खा पितळी टोप बहुतेक अग्निशामक दलाचा असतो, कुणी काहीही सांगो.

1800 हा आकडा सगळं मूळचं असलेल्या क्युरासिएच्या टोपाला जास्तीचा पण समजण्यासारखा. ड्रॅगूनच्या टोपाला मी एवढे देणार नाही. माझ्या मते पोचे पडलेला पण शिक्के जुळणारा ड्रॅगून सैनिकाचा टोप कमी पैशांत घ्या आणि गोंड्याचा हट्ट सोडा. वेळ असेल तर घासाघीस करण्याआधी पॅरिसमधल्या अँव्हालीद या इमारतीतल्या सैन्य संग्रहालयात एक सकाळ घालवा. अस्सल पितळ कसं काळवंडतं, हे तिथे डोळ्यांत बसतं. विकत घेतलात तर वर्ष आणि वर्णन लिहिलेलं बिल घ्या. विमानतळावर विचारतील.

पुण्यात आणल्यावर चिंच किंवा ब्रासो लावून लखलखीत करू नका, मुलामा आणि किंमत दोन्ही जातील. मऊ कापडाने पुसा, पोलादाला पातळ मेण लावा, पावसाळ्यात काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते बदलत राहा. चामड्याला तेल नको. आयाळीला कसर लागते, म्हणून दर महिन्याला केसांच्या मुळाशी टॉर्च मारून पाहा. टोप आयाळीला धरून कधी उचलू नका. शिक्क्यांचे जवळून फोटो इथे टाकलेत तर रेजिमेंट ओळखायला मदत करेन.