फॉर्म कडक केला आणि गिऱ्हाईकच बाहेर राहिलं

तुमचं दुखणं थोडक्यात असं दिसतंय: सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या मामांच्या चादर-टॉवेलच्या दुकानाची वेबसाइट तुम्ही केली. संपर्क फॉर्मवर रोज लिंकांचा कचरा यायला लागला, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये नाव, फोन, ईमेल या तिन्हींवर कडक तपासणी बसवली. कचरा तरी येतोच आहे, वर मामा म्हणतात की खऱ्या चौकशा बंद झाल्या. आणि आता आणखी कुठलं रेजेक्स (मजकुराचा साचा तपासणारा नियम) लावू, असं विचारताय.

लावू नका. आहेत त्यातली निम्मी काढा.

बहुतेक बॉट, म्हणजे आपोआप कचरा टाकणारे प्रोग्राम, तुमचं पान उघडून एकेक रकाना भरत बसत नाहीत. फॉर्म ज्या पत्त्यावर जातो तिथे ते थेट माहिती फेकतात. तुमची जावास्क्रिप्ट तिथे चालतच नाही. मग त्या नियमांचा मार खातंय कोण? फक्त माणूस. ब्राउझरमधली तपासणी ही माणसाला चूक लगेच दिसावी एवढ्यासाठीच. खरी राखण सर्व्हरवर, म्हणजे फॉर्म जिथे पोचतो तिथे करायची.

हे मी स्वतःची फजिती करून शिकलोय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम होतं, माल परदेशी जायचा. मी फोनच्या रकान्याला नियम लावला: बरोबर दहा आकडे, पहिला आकडा ६ ते ९. आपल्याकडच्या मोबाइलपुरता तो बरोबरच आहे. तीन आठवड्यांनी मालकांचा फोन, "फॉर्म बंद पडलाय का ओ? एक चौकशी येईना झालीय." परदेशातल्या खरेदीदाराचा नंबर दहा आकडी असेलच असं कुठाय? पण त्याहून लाज वाटली ती पुढे. त्यांच्याच ऑफिसचा लँडलाइन टाकून बघितला, तोही नाकारला. सोलापूरचा कोड ०२१७, पुढे सात आकडे. सुरुवातीचं शून्य काढलं की दहा आकडे होतात खरे, पण पहिला येतो २. म्हणजे सोलापूरच्या कारखान्याच्या फॉर्मात सोलापूरचाच नंबर चालत नव्हता!

मग मी पहिल्या आकड्याची अट काढली आणि रकान्याला नुसती कमाल दहा अक्षरांची मर्यादा ठेवली. तेही चुकलं. लोक नंबर व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करून चिकटवतात. प्लस, नऊ, एक, मोकळी जागा, पाच आकडे, पुन्हा मोकळी जागा: झाली दहा अक्षरं. उरलेले पाच आकडे ब्राउझर मुकाट्याने कापतो. गिऱ्हाइकाला वाटतं पाठवलं, मालकाच्या हातात अर्धा नंबर.

आता मी आधी नंबर साफ करतो, मग तपासतो, आणि दोन्ही सर्व्हरवर. देवनागरी आकडे असतील तर इंग्रजी करून घ्यायचे. (मराठी कीबोर्डवरून नंबर टाकणारे पुष्कळ आहेत, आणि जावास्क्रिप्टमधलं आकड्यांचं 'बॅकस्लॅश डी' त्यांना आकडा मानतच नाही. पायथन मानतो. ही गंमत ध्यानात ठेवा.) मोकळ्या जागा, डॅश, कंस आणि कॉपी करताना चिकटून आलेली न दिसणारी अक्षरं काढायची. सुरुवातीला प्लस असेल तर पंधरापर्यंत आकडे चालू द्या, आंतरराष्ट्रीय नंबराची कमाल मर्यादा तेवढीच आहे. प्लस नसेल तर पुढचं शून्य किंवा ९१ काढून दहा उरतात का बघा. नुसते सात आकडे आले तर गावातलाच माणूस आहे असं समजून घ्या, मामांना कळेल. आणि गिऱ्हाइकाने जसं लिहिलं तसंही शेजारी जपून ठेवा. रकान्याचा प्रकार 'टेल' (फोनसाठीचा) द्या, 'नंबर' नको. त्यात नंबराशेजारी वर-खाली बाण येतात, आणि प्लस किंवा मधली मोकळी जागा असली की ते मूल्य वैधच ठरत नाही.

नावाचं सांगतो. तुम्ही 'ए ते झेड'चा नियम लावलाय, म्हणजे मराठीत नाव लिहिणारा दारातच अडला. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी चार भाषांची माणसं दुकानात येतात. आद्याक्षरांपुढे टिंब देणारे येतात, नावात अपॉस्ट्रॉफी असणारे डिसूझा येतात. कुणी सुचवेल की युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची प्रमाण यादी) 'कुठलंही अक्षर' चालवा. अर्धवट उपाय. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, 'चिन्हं' आहेत; त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. तीही दिली तरी गोऱ्हे किंवा कुऱ्हाडे आडवे येऊ शकतात, कारण काही कीबोर्ड 'ऱ्ह' लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोड-अक्षर घालतात आणि ते दोन्ही गटांत बसत नाही. इतका खटाटोप कशाला? नाव रिकामं नसावं, शंभर अक्षरांहून मोठं नसावं, त्यात नवी ओळ किंवा लिंक नसावी. बस.

लांबी मोजतानाही जपा. सर्व्हरवरच्या पीएचपी भाषेचं लांबी मोजणारं साधं 'एसटीआरलेन' अक्षरं नाही, साठवणीचे बाइट मोजतं. 'सोलापूर' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा, युनिकोडला सात, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत एकवीस बाइटचा. वीसची मर्यादा ठेवली असेल तर गावाचं नावच मावत नाही! 'एमबी' लावलेलं फंक्शन वापरा.

ईमेलला पीएचपीचं तयार फिल्टर पुरे. घरी शिवलेलं रेजेक्स सहसा नावातलं प्लस चिन्ह नाकारतं किंवा शेवटच्या टिंबापुढे चारच अक्षरं चालवतं. उलट एचटीएमएलचा 'ईमेल' प्रकार इतका सैल, की 'जीमेल'पुढे 'डॉट कॉम' नसलं तरी पास करतो. पत्ता खरा की खोटा हे त्यावर पत्र पाठवल्याशिवाय कळत नाही, तेव्हा फार खोलात जाऊ नका. 'कॉम'च्या जागी 'कॉन' दिसलं तर नुसतं विचारा, अडवू नका. आणि फोन किंवा ईमेल, दोहोंपैकी एक सक्तीचं ठेवा. चादरीचा भाव विचारायला दोन्ही कशाला हवेत?

आता मामांची तक्रार. कदाचित चौकशा येतायत, पण मेल पोचत नाही. तुमच्या कोडमध्ये 'फ्रॉम'ला गिऱ्हाइकाचा पत्ता घातलाय का ते आधी बघा. तसं असेल तर तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकतोय, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पाठवणाऱ्याची ओळख अधिक काटेकोरपणे तपासतं. 'फ्रॉम'मध्ये दुकानाच्या डोमेनचा पत्ता, 'रिप्लाय-टू'मध्ये गिऱ्हाइकाचा. एसपीएफ आणि डीकेआयएम (पत्र खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या सोयी) लावून घ्या. मेलच्या आधी नोंद डेटाबेसमध्ये जाऊ द्या, म्हणजे मेल हरवलं तरी चौकशी हरवत नाही.

सर्व्हरवर मात्र कठोर व्हा. विषय, नाव, ईमेल यांत नवी ओळ सापडली तर नोंद तिथेच फेका. त्या वाटेने लोक 'बीसीसी' (छुपे पत्ते) घुसवून तुमच्या फॉर्ममधून जगाला पत्रं पाठवतात. डेटाबेससाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे गिऱ्हाइकाचा मजकूर आज्ञेत न मिसळता वेगळा द्यायचा. मजकुरातून कोडच्या खुणा खरवडून काढू नका, पडद्यावर दाखवताना एस्केप करा, म्हणजे त्या कोड म्हणून न चालता नुसत्या दिसतील.

बॉटसाठी एक फसवा रकाना ठेवा: सीएसएसने पडद्याबाहेर ढकललेला, टॅब दाबून पोचता येणार नाही असा, पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपासूनही लपवलेला. तो भरून आला की कचरा. त्याचं नाव 'ॲड्रेस' ठेवू नका, ब्राउझर आपोआप भरतो आणि बिचारं गिऱ्हाईक बॉट ठरतं. पान उघडल्यापासून दोन सेकंदांत आलेला फॉर्मही संशयित धरा. कॅप्चा ('माणूस आहात का' ही परीक्षा) अगदीच नाइलाज झाला तर.

चूक दाखवताना 'इनव्हॅलिड इनपुट' असलं लाल अक्षरांत ओरडू नका. रकान्याच्या खालीच लिहा, "नंबर अपुरा वाटतोय, एकदा बघता का?" आणि आधी भरलेला मजकूर पुसू नका. एका आकड्यासाठी अख्खा फॉर्म पुन्हा भरायला लावला तर माणूस सरळ दुसऱ्या दुकानात जातो.

हे बदल केल्यावर पंधरा दिवस नाकारलेल्या नोंदी कारणासकट वेगळ्या साठवा, नंतर पुसून टाका. रोज रात्री दोन मिनिटं चाळा. त्यात एखादं खरं गिऱ्हाईक सापडलं तर आधी मामांकडून त्याला फोन करवा, मग ज्या नियमाने अडवलं तो इथे टाका. नाव-नंबर झाकून टाका म्हणजे झालं.