कुंभमेळ्याची कमाई आणि कोटीची सात सीटर

आधी प्रश्न सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वाचक चव्वेचाळीस वर्षांचे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट, प्रायव्हेट लिमिटेड, ते आणि वहिनी दोघं डायरेक्टर. मुलगी अकरावीला, नीटची तयारी चालूये, मुलगा सहावीत, आईवडील सोबत राहतात आणि आईचे गुडघे दुखतात. दारात २०१८ ची इनोव्हा क्रिस्टा. कुंभमेळ्याच्या कामात एका मोठ्या ठेकेदाराकडून बॅरिकेडिंग आणि शेडची ऑर्डर मिळालीये, त्यामुळे एरवी पन्नास-पंचावन्न लाखांचा नफा यंदा दीड कोटीच्या पुढे जाईल असं दिसतंय. आणि डोक्यात बसलीये ऑडी क्यू सेव्हन, सात सीटर एसयूव्ही. घेऊ का, हा प्रश्न. कोटेशन ९५ लाख एक्स-शोरूम, बँक ८० लाख द्यायला तयार, सात वर्षं, नऊ टक्के. बाकीचे एफडी मोडून. सीए म्हणतात कंपनीच्या नावावर घ्या टॅक्स वाचेल, मेव्हणे म्हणतात जीएसटी पण परत मिळतो, आणि वहिनी काहीच म्हणत नाहीयेत (भाऊ, हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मेलच्या शेवटी टाकलंय).

गाडी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तीन लिटरचं व्ही सिक्स टर्बो पेट्रोल, ३४० हॉर्सपॉवर, ५०० एनएम टॉर्क, शून्य ते शंभर ५.६ सेकंदात, एवढं मोठं धूड असून. एअर सस्पेन्शन आहे, चारही चाकांना ताकद जाते, आणि जोडली जाते इथंच आपल्या संभाजीनगरला, शेंद्र्याला. चालवायला मजा येणार यात वादच नाही. फक्त कंपनी सांगते तो टॉप स्पीड २५० आणि समृद्धीवर लिमिट १२०, आणि इगतपुरीपर्यंत पोचायचं तर आधी आपला मुंबई-आग्रा हायवे आहेच, त्यामुळे त्या ३४० घोड्यांपैकी निम्मे तुम्ही कायम तबेल्यातच बांधून ठेवणार हे माहीत असू द्या.

आता हिशोब. ९५ लाखांवर महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १२ लाख ३५ हजार. इन्शुरन्स साडेतीन लाख धरा. एक टक्का टीसीएस (विकणारा आधीच कापून घेतो तो इन्कम टॅक्स) ९५ हजार, तो रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो पण आज खिशातून जातोच. झाली की ऑन रोड एक कोटी बारा लाखांच्या आसपास. कंपनीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स १३ नाही, २० टक्के, म्हणजे १९ लाख, साडेसहा लाखांहून जास्त फरक, आणि हे तुमच्या सीएंनी सांगितलं होतं का, मेलमध्ये तरी दिसत नाही.

मेव्हण्यांचं आधी निकालात काढू. जीएसटी परत मिळत नाही. ड्रायव्हर धरून तेरा माणसांपर्यंतच्या पॅसेंजर गाडीवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी परत वळता करून घेणं) कायद्यानंच बंद आहे, कलम १७(५), अपवाद आहेत ते टॅक्सी चालवणाऱ्यांना, ड्रायव्हिंग स्कूलला, गाड्या विकणाऱ्यांना. तुम्ही लोखंड वाकवता. ९५ लाखांच्या किमतीत ४० टक्क्यांनी जवळपास २७ लाख जीएसटीच आहे आणि तो गेला तो गेला.

सीएंचं मात्र अर्धं बरोबर आहे. कंपनीच्या नावावर असेल तर दरवर्षी १५ टक्के डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा खर्चात धरायला मिळतो, घटत्या किमतीवर, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतली तर पहिल्या वर्षी निम्मंच. तुमची कंपनी २५.१७ टक्क्यांच्या रेटमध्ये आहे असं धरून मी पाच वर्षांचं काढलं तर डेप्रिसिएशनमुळे एकूण सोळा लाखांच्या आसपास टॅक्स वाचतो, लोनच्या व्याजावर अजून थोडा. त्यातून जास्तीचा रोड टॅक्स वजा करा, घरच्या वापराबद्दल तुमच्या पगारात पर्क्विझिट (कंपनीकडून मिळालेली, टॅक्स लागणारी सवलत) धरला जाईल तो वजा करा, तरी थोडं शिल्लक राहतं. म्हणजे गाडी घ्यायचीच ठरली तर कंपनीच्या नावावर घेणं चुकीचं नाही. पण टॅक्स वाचवायला गाडी घेणं म्हणजे पंचवीस पैसे वाचवायला रुपया खर्च करणं, आणि उरलेले पंचाहत्तर पैसे कुठून येणार हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय ८० लाखांचं कर्ज कंपनीच्या बॅलन्सशीटवर दिसणार. तुमची साठ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी उचलायची बँकेची मर्यादा) आहे, निम्मी वापरलेली, तिचं रिन्युअल येईल तेव्हा बँकेचा माणूस पहिलं बोट त्याच आकड्यावर ठेवेल.

आता माझा खरा मुद्दा. ८० लाख, नऊ टक्के, सात वर्षं, हप्ता बसतो १ लाख २८ हजार ७००. वर्षाचे साडेपंधरा लाख. सात वर्षांत व्याजच २८ लाख. त्यावर इन्शुरन्स तीन-साडेतीन, सर्व्हिस आणि एक्स्टेंडेड वॉरंटी मिळून लाख-दीड लाख, टायर लागतील तेव्हा वेगळे, पेट्रोल वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, गावात आठचं ॲव्हरेज, लिटरला १०५ धरला तर दोन लाखांना थोडं कमी, आणि आईंना दवाखान्यात न्यायला ड्रायव्हर ठेवायचा म्हणालात त्याचे दोन-अडीच लाख. एकूण चोवीस-पंचवीस लाख दरसाल. एरवीच्या वर्षी तुमच्या कंपनीला टॅक्स भरून उरतात साधारण चाळीस. म्हणजे चांगल्या, नेहमीच्या वर्षातसुद्धा निम्म्याहून जास्त नफा एका गाडीच्या चाकाखाली.

तुम्ही म्हणाल यंदा दीड कोटी आहेत ना. आहेत, कागदावर. पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, त्यानंतर बॅरिकेडिंग कोण घेणार? पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी. हप्ता मात्र २०३३ पर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला. कमाई एकदाची आणि खर्च सात वर्षांचा, ही जोडी मला पटत नाही, आणि गाडी ऑडी आहे की अजून काही याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरं म्हणजे पैसे येणार कधी. तुम्ही सरकारचे थेट ठेकेदार नाही, सब-काँट्रॅक्टर आहात. वरच्याचं बिल पास झालं की तुमचं, त्यातही रिटेन्शन (काम नीट झाल्याची खात्री होईपर्यंत अडवून ठेवलेली रक्कम) कापून. इथं एक काम आजच करा, गाडीपेक्षा याने जास्त फायदा होईल. उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे का बघा, असेल तर प्रत्येक बिलावर नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि उशिरा दिलेली रक्कम समोरच्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्याच वर्षी धरता येते, त्यामुळे मार्च जवळ आला की त्याचाच सीए त्याच्या मागे लागतो. सगळे ठेकेदार याला घाबरतात असं नाही, पण फोन करून ‘साहेब बघा ना जरा’ म्हणण्यापेक्षा बरं.

एफडी मोडायची म्हणता ती बत्तीस लाखांची एफडी ही बचत नाहीये हो भाऊ, ते तुमचं खेळतं भांडवल आहे. ठेकेदाराचं बिल तीन महिने लटकलं तर कामगारांचे पगार आणि स्टीलवाल्याचे पैसे त्यातूनच जाणार, नाहीतर सीसी पूर्ण ओढणार. शोरूममध्ये डाउन पेमेंट करून आलेला माणूस पुढच्या महिन्यात पगारासाठी सीसी ओढतोय हे चित्र नाशकात नवीन नाही.

आणि गाडी विकावी लागली तर? सात वर्षांच्या लोनमध्ये तीन वर्षांनी बाकी असतात जवळजवळ ५२ लाख. इन्शुरन्सवाले चौथ्या वर्षात आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) धरताना ४० टक्के घसारा लावतात, म्हणजे ५७ लाख, पण बाजार आयडीव्हीला विचारत नाही. महागड्या जर्मन गाडीला निम्मी किंमत आली तर ४७-४८ लाख, म्हणजे गाडी देऊन वर चार लाख बँकेला भरायचे. असं होईलच असं नाही, पण होऊ शकतं एवढ्यावर मी ते लोन घेऊ देणार नाही.

जीएसटी कमी झालाय म्हणून आत्ताच घ्यावी असं शोरूमवाल्याने सांगितलं असणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाला, आधी एसयूव्हीला सेस धरून ५० होता, म्हणजे तुमच्या कोटेशनमध्ये सहा-सात लाखांचा फरक पडलाय, खरं आहे. पण तो दिवाळी सेल नाही. पुढच्या वर्षीही तोच रेट असेल असं धरून चला. आणि नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, ते तुमच्या फायद्याचं आहे, खाली सांगतो.

मुलीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. सरकारी सीट मिळाली तर देव पावला, पण खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यात गेलं तर एमबीबीएसचा खर्च सहज कोटीच्या घरात जातो, आणि तो निर्णय तुम्हाला दीड-दोन वर्षांतच घ्यायचाय, रिझल्टनंतरच्या थोड्या दिवसांत, हातात कॅश असेल तर. गाडी आणि सीट दोन्ही एकाच पैशातून होणार नाही. वहिनी गप्प आहेत त्या बहुतेक याच्यावरच, मी फक्त अंदाज करतोय. तुमचा टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा स्वस्त विमा) नाहीच, पन्नास लाखांच्या एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी आहेत, आणि घरात सहा माणसांना मिळून पाच लाखांचं मेडिक्लेम. आईंचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले तर त्यातलं किती उरेल विचार करा. दोन कोटींचा टर्म आणि आईवडिलांची वेगळी पॉलिसी, हे दोन्ही या महिन्यात. जुन्या आजारांना वेटिंग पीरियड असतो म्हणून घाई इथं करा.

बरं, मग गाडी घ्यायचीच नाही का. तसं नाही. माणसाने वीस वर्षं शेडमध्ये उन्हातान्हात काढली असतील तर त्याला आवडती गाडी घेण्याचा हक्क आहे, आणि प्रत्येक रुपयाची एसआयपी करा म्हणणारे सल्लागार मलाच आवडत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की पर्वण्या होऊ द्या, शेवटचं बिल खात्यात येऊ द्या, सीसी शून्य करा, सहा महिन्यांचे पगार बाजूला, मुलीच्या ॲडमिशनचं काय ते कळू द्या. त्यानंतर जे उरेल त्यात निम्मी किंमत रोख बसत असेल आणि उरलेलं चार वर्षांत फिटत असेल तर बिनधास्त.

तेव्हासुद्धा मी दोन-तीन वर्षं जुनी घ्या म्हणेन. पहिल्या मालकाने रोड टॅक्स भरलेला असतो, सगळ्यात मोठी घसरण त्याने सोसलेली असते. पण एमएच १५ किंवा निदान महाराष्ट्र पासिंगचीच बघा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, मग एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा भरायचा, आरटीओच्या चकरा, स्वस्ताई तिथंच संपते. कंपनीच्याच वर्कशॉपचा सर्व्हिस रेकॉर्ड, इन्शुरन्स क्लेमची हिस्टरी, आणि एअर सस्पेन्शन स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून, कारण वॉरंटी संपल्यावर ते गेलं तर बिल लाखांत येतं. आपल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांचं मी वेगळं सांगत नाही.

तोपर्यंत क्रिस्टा चालू द्या. डिझेल क्रिस्टा नीट सांभाळली तर तीन लाख किलोमीटर सहज जाते. अगदीच बदलायची तर इनोव्हा हायक्रॉसचा हायब्रिड बघा, तीस लाखांच्या आसपास, किंवा महिंद्राची सात सीटर इलेक्ट्रिक एक्सईव्ही नाइन एस, वीस लाखांपासून सुरू होते, इलेक्ट्रिकवर जीएसटी फक्त पाच टक्के आणि तुमच्या शेडला थ्री फेज आहेच. परफॉर्मन्सची हौस तिच्यातही बऱ्यापैकी भागते, लोगो मात्र तो नाही, हे मान्य.

आणि सात सीट सात सीट म्हणताय तर शोरूमला एकटे जाऊ नका. क्यू सेव्हनची तिसरी रांग मुलांची आहे, मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात, आत जायला मधली सीट पुढे ढकलून वाकून शिरावं लागतं, आणि सातही जण बसले की मागे बॅगांना जागा उरत नाही. मोठ्यांना खरंच तिसऱ्या रांगेत बसवायचं तर बीएमडब्ल्यू एक्स सेव्हन किंवा मर्सिडीजची जीएलएस, आणि त्या अजून तीस-चाळीस लाख वर. आईंना मधे बसवा, मुलांना आणि स्वतःला मागे, सेल्समनला चालवू द्या, आणि शोरूमसमोरच्या गुळगुळीत रोडवर नाही तर वणीच्या घाटाकडे न्यायला सांगा. अर्धा तास मागे बसून या आणि मग मला दोन गोष्टी पाठवा: गेल्या तीन वर्षांच्या बॅलन्सशीट, आणि वहिनींचं मत, त्यांच्या शब्दांत.